गोळी तीच, मग टीएसएच का चढला?

प्रश्न : माझं वय ५२. सहा वर्षं झाली, रोज सकाळी थायरॉईडची ७५ मायक्रोग्रॅमची गोळी घेते. सहसा चुकवत नाही. फेब्रुवारीत टीएसएच २.६ आला होता, ऑगस्टमध्ये एकदम ८.१. जाऊबाई म्हणाल्या, "आकडा वाढला म्हणजे गोळी जास्त होतेय, कमी कर." ह्यांचं म्हणणं नेमकं उलटं. शेवटी ह्यांचं ऐकून मी दीड गोळी सुरू केली आणि आठ दिवसांनी दुसऱ्या लॅबमध्ये तपासलं, तर ७.४. रिपोर्ट घेऊन गेले तेव्हा डॉक्टर थोड्या रागावल्याच. म्हणाल्या, पूर्वीसारखी एकच गोळी घ्या, गुडघ्यांसाठी सुरू केलेली कॅल्शियमची गोळी रात्रीवर न्या आणि सहा आठवड्यांनी नेहमीच्या लॅबमध्ये तपासा. आकडा इतका वर असताना डोस न वाढवता थांबायचं कशासाठी? आणि कॅल्शियमचा थायरॉईडशी काय संबंध? मी तर विसरायला नको म्हणून मे महिन्यापासून दोन्ही गोळ्या सकाळी एकदमच घेते. — एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, पण निम्म्याहून जास्त उत्तर त्यातच आहे. तिथवर जाण्याआधी दोन गोष्टी पाहू. टीएसएच वाढतो म्हणजे नेमकं काय होतं, आणि दीड गोळी घेऊनही आठ दिवसांत तो खाली का आला नाही.

आधी जाऊबाईंचा मुद्दा. हा गैरसमज घरोघरी आहे आणि तो होणं स्वाभाविकही आहे. साखर वाढली, रक्तदाब वाढला असं ऐकायची आपल्याला सवय असते, तसाच 'थायरॉईड वाढला' असा अर्थ माणूस काढतो. पण टीएसएच थायरॉईड ग्रंथीत तयार होतच नाही. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी म्हणजे पीयूष ग्रंथीतून येतो, आणि तो म्हणजे गळ्यातल्या थायरॉईडकडे लावलेला तगादा असतो. रक्तात थायरॉक्सिन कमी पडलं की तगादा वाढतो, पुरेसं झालं की ओसरतो. त्यामुळे टीएसएच चढला याचा अर्थ सहसा औषध कमी पडतंय, आणि तो फार खाली गेला तर औषध जास्त होतंय. जाऊबाईंचं ऐकलं असतं तर पुढचा आकडा आणखी वर गेला असता. यजमानांची दिशा बरोबर होती; घाई तेवढी नडली.

हा तगादा भलताच तिखट असतो, हेही ध्यानात घ्या. थायरॉक्सिन निम्म्यावर आलं तर टीएसएच दुप्पट होऊन थांबत नाही, तो शंभरपटीपर्यंतही वाढू शकतो. म्हणून २.६ चा ८.१ झाला याचा अर्थ शरीरातलं थायरॉक्सिन एकतृतीयांश उरलं, असा होत नाही. उणीव बहुधा थोडीशीच असते. एरवी डॉक्टर डोस बदलतात तो १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमनं. तुम्ही दीड गोळी घेतलीत म्हणजे ७५ वरून थेट ११२.५ वर गेलात, दीडपट. आकडा मोठा दिसला म्हणून उपायही मोठा केलात. टीएसएचच्या बाबतीत हा हिशेब लागू पडत नाही.

आता आठ दिवसांचं कोडं. तुमच्या गोळीत लेव्होथायरॉक्सिन असतं. हे औषध शरीरात फार सावकाश मुरतं आणि तितकंच सावकाश बाहेर पडतं. रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला त्याला सुमारे सात दिवस लागतात. याचा परिणाम असा, की आज डोस बदलला तर अपेक्षित बदलापैकी निम्मा पहिल्या आठवड्यात दिसतो, दुसऱ्या आठवड्याअखेर ७५ टक्के, तिसऱ्यानंतर साधारण ८८ आणि पाचव्यानंतर ९७ टक्के. त्यातही हा झाला फक्त थायरॉक्सिनचा हिशेब. ते वाढलंय हे पीयूष ग्रंथीला पटून तिनं तगादा कमी करायला आणखी वेळ जातो. म्हणून डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासायचा, असा जगभरचा रिवाज आहे. आठव्या दिवशी तुम्ही तपासलंत ते अर्ध्या वाटेवरचं चित्र होतं. ते पाहून डोस आणखी वाढवला असता तर सहा आठवड्यांनी टीएसएच पार तळाला गेलेला दिसला असता. मग तो वर आणायला गोळी कमी, पुन्हा घाईनं तपासणी, पुन्हा बदल. अशा हेलकाव्यात कित्येक रुग्ण वर्षभर अडकतात आणि दोष गोळीला देतात.

शिवाय तुम्ही लॅब बदललीत. वेगवेगळ्या लॅबमधली यंत्रं आणि रसायनं वेगळी असतात, त्यांची नॉर्मल रेंजही थोडी वेगळी असते, साधारण ०.४ ते ४ च्या आसपास. त्यात टीएसएच दिवसभर एकसारखा राहत नाही. रात्री उशिरा आणि पहाटे तो जास्त असतो, दुपारी कमी. ८.१ आणि ७.४ यांमधला फरक औषधाचा, लॅबचा की रक्त देण्याच्या वेळेचा, हे कोणीच ठामपणे सांगू शकणार नाही. म्हणून नेहमीची लॅब आणि शक्यतो नेहमीचीच वेळ. उपाशी राहायची या तपासणीला गरज नसते, पण सकाळी लवकर रक्त द्यायचं ठरवलं तर वेळ आपोआप सांभाळली जाते. त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर घ्या. आधी घेतल्यानं टीएसएच बिघडत नाही, पण गोळीनंतर दोन-चार तास रक्तातलं फ्री टी-४ म्हणजे मोकळं थायरॉक्सिन तात्पुरतं वर जातं आणि रिपोर्ट उगाच गोंधळात टाकतो.

आता कॅल्शियम. अनशापोटी घेतलेल्या गोळीतलं साधारण ७० ते ८० टक्के थायरॉक्सिन लहान आतड्यातून रक्तात शोषलं जातं. पण त्याच वेळी पोटात कॅल्शियम असेल तर थायरॉक्सिन त्याला चिकटतं, शोषलं जात नाही आणि शौचावाटे निघून जातं. म्हणजे मे महिन्यापासून तुम्ही गिळत होतात ७५, पण त्यातलं पोचत होतं पूर्वीपेक्षा कमी. गोळी तुम्ही सहसा चुकवली नाहीत हे खरं. तिच्यातला काही भाग मात्र रोजच चुकत होता. लोहाच्या गोळ्या आणि पित्तावरची ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमची पातळ औषधं हाच उद्योग करतात. या सगळ्यांत आणि थायरॉईडच्या गोळीत निदान चार तासांचं अंतर हवं. मल्टिव्हिटॅमिनच्या गोळीतही बहुधा लोह किंवा कॅल्शियम असतं, तेव्हा तिलाही हाच नियम.

मग डॉक्टरांनी डोस का वाढवला नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. समजा, त्यांनी ७५ ची १०० केली असती आणि कॅल्शियम सकाळीच चालू राहिलं असतं, तर टीएसएच कदाचित सुधारला असता आणि सगळे खूश झाले असते. पुढे तीन-चार महिन्यांनी गुडघ्यांचा कोर्स संपून कॅल्शियम बंद झालं असतं. त्या दिवसापासून १०० पुरी शोषली जायला लागली असती आणि तुम्हाला नकळत औषध जास्त झालं असतं. बाटलीवर लिहिलेला आकडा म्हणजे डोस नव्हे, रक्तात पोचतं तो डोस. म्हणून टीएसएच हलला तर आधी गोळी कशी घेतली जाते ते तपासायचं, आणि त्यात काही सापडलं नाही तरच आकड्याला हात लावायचा. तुमच्या डॉक्टरांनी नेमकं हेच केलं.

ही तपासणी तुम्ही घरीही करू शकता. गोळी साध्या पाण्याबरोबर घेता की चहाबरोबर? कॉफीनं शोषण घटतं हे तपासून सिद्ध झालेलं आहे, आणि आपल्या चहात दूध म्हणजे पुन्हा कॅल्शियमच. गोळी आणि चहा-नाश्ता यांत अर्धा तास तरी जाऊ द्या, तासभर गेला तर उत्तम. पित्तासाठी पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोलसारखी गोळी रोज सुरू झाली आहे का? तिच्यामुळे पोटातलं आम्ल कमी होतं आणि थायरॉक्सिन नीट विरघळत नाही. इथे अंतर ठेवून भागत नाही, डॉक्टरांना सांगावंच लागतं. नवी बाटली आणताना केमिस्टनं दुसऱ्या कंपनीची दिली का, किंवा ७५ ऐवजी ५० ची? दोन्ही बाटल्या बऱ्याचदा सारख्याच दिसतात. कंपनी बदलावीच लागली तर सहा आठवड्यांनी एकदा तपासून घ्यायचं. आणि बाटली ठेवता कुठे? हे औषध उष्णता, उजेड आणि ओल यांनी खराब होतं. गॅसजवळच्या फळीवर किंवा न्हाणीघरातल्या कपाटात, त्यातून पावसाळ्यात, ते ठेवू नये. महिन्याच्या सगळ्या गोळ्या उघड्या डबीत काढून ठेवण्यापेक्षा मूळ बाटली बरी.

पहाटेची घाई जमतच नसेल तर रात्री झोपताना गोळी घेण्याचा पर्यायही आहे. नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत झोपताना गोळी घेणाऱ्यांचे आकडे सकाळच्यापेक्षा थोडे चांगलेच आले होते. अट एकच, जेवणानंतर तीनेक तास गेलेले असावेत. तुम्ही मात्र सध्या हा बदल करू नका, कारण कॅल्शियम रात्रीवर गेलंय. दोघं पुन्हा एकत्र आले तर सहा आठवड्यांनी आपण दोघंही याच पानावर भेटू.

थोडं जास्त औषध गेलं तर बिघडलं कुठे, उलट तरतरी येईल, असंही अनेकांना वाटतं. पहिल्या काही दिवसांत तशी येतेही. पण जास्तीचं थायरॉक्सिन हृदयाला दामटतं आणि हाडं झिजवतं. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या रहिवाशांच्या दीर्घ पाहणीत, साठी ओलांडलेल्या ज्यांचा टीएसएच फार कमी होता, त्यांच्यात दहा वर्षांत हृदयाची लय बिघडण्याचं प्रमाण सुमारे तिप्पट आढळलं. ते निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. पाळी गेलेल्या बायकांमध्ये हाडं विरळ होण्याचा धोका वाढतो. तुमचं वय पाहता ही दुसरी गोष्ट महत्त्वाची. एका बाजूनं हाडांसाठी कॅल्शियम घ्यायचं आणि दुसऱ्या बाजूनं जास्तीच्या थायरॉईडच्या गोळीनं हाडं झिजवायची, यात राम नाही. वजन उतरावं म्हणून गोळी वाढवणं तर धोक्याचंच. थायरॉईड कमी असल्यामुळे वाढणारं वजन साधारण दोन ते पाच किलो असतं आणि त्यात बराचसा भाग शरीरात साठलेल्या मिठा-पाण्याचा असतो; त्यापलीकडचं वजन गोळीच्या खात्यावर टाकता येत नाही.

टीएसएचची तपासणी नव्हती तेव्हा काय करत असतील, हा प्रश्नही मनोरंजक आहे. १८९१ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या डॉ. जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचून एका बाईंवर उपचार केले. त्या पुढे २८ वर्षं जगल्या. पण औषध किती पुरे, हे ठरवायला डॉक्टरांच्या हाती नाडी, वजन, कातडीचा पोत आणि रुग्णाची हुशारी एवढंच होतं. टीएसएचची रक्ततपासणी रुळली ती १९७० च्या दशकात, आणि तेव्हा कळलं की कित्येकांना गरजेपेक्षा बरंच जास्त औषध दिलं जात होतं. नुसत्या 'बरं वाटतंय' किंवा 'थकल्यासारखं वाटतंय' यावर डोस ठरवू नये, ते याच कारणानं. थकवा रक्त कमी असल्यानं येतो, झोप अपुरी असल्यानं येतो, पाळी जाण्याच्या वयातही येतो.

तेव्हा सहा आठवडे शांतपणे काढा. नेहमीची एक गोळी, नुसत्या पाण्याबरोबर, कॅल्शियम रात्री. टीएसएच उतरला तर कारण सापडलं. नाहीच उतरला तर डॉक्टर डोस बेतानं वाढवतील, आणि त्या वाढीला मग भक्कम आधार असेल. मात्र मध्येच छातीत धडधड, छातीत दुखणं, धाप लागणं असं काही झालं तर सहा आठवड्यांचा नियम बाजूला ठेवून ताबडतोब दाखवा. एकदा आकडा स्थिरावला की सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा तपासणी पुरते. दर महिन्याला टीएसएच करून काळजीपलीकडे हाती काही लागत नाही.

याच विषयावर आलेल्या आणखी काही शंका :

प्रश्न : आमच्या शेजारणीचा टीएसएच ०.१ च्या खाली आहे आणि तिच्या डॉक्टरांना तो तसाच हवाय. माझा ३ आहे तर मला 'छान' म्हणतात. हे कसं?

उत्तर : शेजारणीचं थायरॉईडच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं असण्याची शक्यता आहे. टीएसएचमुळे उरल्यासुरल्या रोगपेशींना उत्तेजन मिळू नये, म्हणून अशा काही रुग्णांत तो मुद्दाम दाबून ठेवतात. याउलट सत्तरी ओलांडलेल्यांत टीएसएच वयानुसार थोडा वर सरकतो, म्हणून त्यांच्यात ५-६ आकडाही चालवून घेतला जातो; तिथे तो जबरदस्तीनं २ वर आणण्यात हृदयाला धोका जास्त. ज्यांची मूळ अडचण पीयूष ग्रंथीतच असते त्यांच्यात तर टीएसएचवर विसंबताच येत नाही, फ्री टी-४ पाहावं लागतं. गोळी एकच असली तरी प्रत्येकाचं लक्ष्य वेगळं असतं. दुसऱ्याच्या रिपोर्टशी आपला ताडून पाहू नये आणि दुसऱ्याची बाटली तर मुळीच उघडू नये.

प्रश्न : केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेते. थायरॉईडच्या रिपोर्टवर परिणाम होतो का?

उत्तर : थायरॉईडवर होत नाही, पण रिपोर्टवर होऊ शकतो. अनेक लॅबच्या तपासणी-पद्धतीत बायोटिनचाच वापर केलेला असतो. रक्तात ते भरपूर असलं की टीएसएच खोटा कमी आणि टी-४ खोटं जास्त दिसतं, म्हणजे औषध जास्त झाल्याचा हुबेहूब देखावा. त्यावर विश्वासून डोस कमी केला तर खरंच कमी पडतो. तपासणीआधी निदान दोन दिवस बायोटिन बंद ठेवा आणि लॅबला व डॉक्टरांना तसं सांगा.

प्रश्न : उपवासाच्या दिवशी गोळी घ्यावी का? आणि एखाद्या दिवशी राहिली तर?

उत्तर : ही गोळी अनशापोटी पाण्याबरोबरच घ्यायची असते, त्यामुळे उपवासाला ती सोयीचीच. फक्त पाठोपाठ कपभर दूध पिऊ नका. निर्जळी उपवास असेल तर रात्री झोपताना घेता येईल का ते डॉक्टरांना आधी विचारून ठेवा; रोजा धरणाऱ्यांनीही तसंच करावं. गोळी राहिली तर घाबरायचं कारण नाही. औषध आठवडाभर अंगात रेंगाळतं, त्यामुळे एका दिवसानं आकडा हलत नाही. त्याच दिवशी आठवली तर पोट रिकामं असताना घ्या. दुसऱ्या दिवशी आठवली तर स्वतःहून दोन घेऊ नका, विशेषतः हृदयाचा त्रास असेल तर. वारंवार राहत असेल तर मात्र ते डॉक्टरांना मोकळेपणानं सांगा, नाहीतर चुकलेल्या गोळ्यांचा भुर्दंड वाढीव डोसच्या रूपानं बसतो.

प्रश्न : सुनेला थायरॉईडची गोळी चालू आहे आणि आता दिवस गेलेत. पुढची तपासणी दोन महिन्यांनी आहे. तोवर थांबायचं का?

उत्तर : नाही. वर इतक्या वेळा 'थांबा' म्हटलं, पण इथे थांबू नका. सुरुवातीचे साधारण तीन महिने बाळ आईच्याच थायरॉक्सिनवर अवलंबून असतं आणि आईची गरज पहिल्या काही आठवड्यांतच वाढते, बहुतेकींमध्ये २५ ते ३० टक्क्यांनी. चाचणीत दिवस गेल्याचं कळलं त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा आणि टीएसएच करा. गोळी बंद करायची नाही. 'गरोदरपणात औषधं नकोत' हा सल्ला या गोळीला लागू नाही. पाचव्या महिन्यापर्यंत साधारण दर चार आठवड्यांनी तपासणी होईल आणि बाळंतपणानंतर डोस पुन्हा खाली येईल. आणखी एक, दवाखान्यातून लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्याही मिळतील. त्या घ्यायच्याच, पण सकाळच्या थायरॉईडच्या गोळीपासून चार तास लांब. कुठली गोळी कधी, हे कागदावर लिहून फ्रिजच्या दारावर लावून द्या. सुनेला ते पाठ असेलच, पण घरातल्या बाकीच्यांना आग्रहानं दूध पाजताना उपयोगी पडेल.